भगवा: कुणाच्या हातात, कुणाच्या दारात

शिवजयंतीला लोहगडावरून ज्योत आणायची, ही आमच्याकडची रीत. गायमुख खिंड, भाजे, मग मळवली. सगळी वाट उताराची. एकाच्या हातात मशाल, दुसऱ्याच्या हातात दोन टोकांचा भगवा. पुरंदरच्या तहात १६६५ला हा गड मोगलांना द्यावा लागला, १६७०ला परत मिळाला. १८१८त इंग्रजांनी घेतला आणि मराठ्यांचं निशाण उतरलं. हे शाळेतही शिकवलं होतं, पण कळलं ते रात्री पळताना.

आजा या पळण्यावर जरा हसायचा. तो माळकरी. आषाढवारीला देहूहून तुकोबांची पालखी निघाली की तो दिंडीच्या पुढं, खांद्यावर गेरूच्या रंगाची पताका. नारायणमहाराजांनी १६८५ला पालखी सुरू केली तेव्हापासूनचा हा पायंडा. ‘‘तुमचा झेंडा पळतो, आमची पताका चालते,’’ म्हणायचा. वारीहून आला की ती धुऊन ट्रंकेत ठेवायचा. मिरवायला म्हणून ती कधी बाहेर निघाली नाही.

ज्योतीला माझ्याबरोबर पळणारा एक मित्र बौद्धवस्तीतला. भाज्याची लेणी आम्हाला त्यानंच नीट दाखवली, चैत्यगृहाच्या लाकडी तुळयांसकट. १ जानेवारी २०१८ला भीमा कोरेगावला दगडफेक झाली, त्यानंतर तो पळायला आला नाही. विचारलं तर म्हणाला, ‘‘गाड्यांवरचे झेंडे दिसले की आई मला घरात ओढते. दारातला निळा तेवढा बाहेर राहतो.’’ झेंडा तोच, आम्ही तेच, असं मी म्हणणार होतो. पण त्याच्या आईला दारातून दिसतात ते झेंडे आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या. आतलं मन तिला कुठून दिसावं?

माझी आत्या बेळगावला दिलेली. १ नोव्हेंबर १९५६ला ते शहर म्हैसूर राज्यात गेलं, आणि तिथली मराठी माणसं तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात. तिच्या गल्लीत भगवा म्हणजे दुकानावरची मराठी पाटी, मुलांची मराठी शाळा. लाल-पिवळे झेंडे घेऊन मिरवणूक आली की दार लावून घेणारी तिथं आत्याच असते. मित्राची आई आणि आत्या एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. भेटल्या तर झेंड्यांविषयी त्यांचं चटकन जमेल.

पक्षांचं काय सांगावं! २०२०त मनसेनं भगव्यावर राजमुद्रा घेतली, तेव्हा मराठा संघटनांनीच हरकत घेतली होती. ज्याला त्याला तो आपलाच वाटतो, आणि आपलं म्हटलं की दुसऱ्याला विचारायची गरज उरत नाही. मला खुपतं ते हेच.

२०२५मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता गर्दी वाढेल, झेंडेही. मंडळाच्या पोरांना एवढंच सांगणं आहे: यंदा ज्योत घेऊन वस्तीवरून जाणार असाल तर आदल्या दिवशी तिथं जाऊन या, आणि पळायला कोण येतंय ते विचारा.