तिसरी कडी

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं वाचलं, तेव्हा आमच्या आईच्याही उतरवून ठेवाव्यात असं मनानं घेतलं. रेकॉर्डिंगसाठी माइक स्वतःच बांधायचं ठरवलं. सुटे भाग आणायला मुलुंडहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं, तरी आमच्यासाठी तो लॅमिंग्टन रोडच.

माइकची इलेक्ट्रेट कॅप्सूल शर्टाच्या बटणाएवढी. पाठीवर डाखाचे दोन ठिपके. त्यातल्या एकापासून बारीक पट्ट्या पत्र्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. तो अर्थ, तिथं केबलच्या शिल्डची जाळी. दुसऱ्यावर आतली तार. कावीया टेकवायचा आणि लगेच उचलायचा. आतल्या पडद्यावर कायमचा विद्युतभार कोंडलेला असतो, उष्णतेनं तो कमी होतो. असा पातळ पडदा बेल लॅबमध्ये वेस्ट आणि सेसलर यांनी 1962 मध्ये साधला.

पहिल्या दिवशी संगणकावर नुसती आडवी रेघ. सगळे टाके उसवून पुन्हा घातले, तरी रेघच. चूक प्लगमध्ये होती. पडद्याला वीज लागत नाही, पण त्याच्या मागे बसलेल्या ट्रान्झिस्टरला लागते, जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. प्लगवर तीन कड्या: माझ्या साउंड कार्डात टोकाची कडी आवाज ऐकणारी, मधली वीज देणारी, शेवटची अर्थ. आणि मधली मी मोकळीच सोडली होती. टोक आणि मधली कडी तारेच्या तुकड्यानं जोडली. मीटर लावला. माइक जोडताच मधल्या कडीवरचा व्होल्टेज खाली आला. म्हणजे ट्रान्झिस्टर जेवायला बसला.

संगणकाच्या विजेबरोबर त्याची खरखरही येत होती. आईचा आवाज बारीक, त्यात ती खुपायची. मग मधली कडी सोडून दिली. दोन पेन्सिल सेल, 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, आणि वीज अडवून आवाज तेवढा टोकाच्या कडीकडे सोडणारा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सगळं साबणाच्या डबीत बसलं.

रात्री शेवटची लोकल गेल्यावर पंखा, ट्यूबलाइट बंद करून आईला बसवलं. घरात जातं नाही; पण ओवी म्हणताना तिचा हात मांडीवर गोल फिरतोच. हेडफोनमध्ये आधी बांगड्या आल्या, मग श्वास, मग तिच्या आईचं नाव.