अश्वत्थाम्याची जखम

इंग्रजी भाषेने आपल्या देशातून पुष्कळ शब्द उचलले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांविषयी आपणांस उगीचच अभिमान वाटतो. परंतु त्यांत एक शब्द असा आहे की, तो कोशात आढळला म्हणजे महाराष्ट्रीय माणसाने क्षणभर थांबावे. हा शब्द 'डूलॅली'. डोके फिरलेल्या माणसास इंग्रज लोक थट्टेने हे विशेषण लावतात. हे डूलॅली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली होय. १८६१ साली तेथे गोऱ्या फौजेची छावणी वसली, आणि नोकरीची मुदत भरलेले शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथे पडून राहू लागले. जहाजे सुटत ती हिवाळ्यात. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याने मधले महिने काढावेत कसे? लढाई नाही, काम नाही, घरही नाही! कित्येक दारूच्या आहारी गेले, कित्येकांची बुद्धी चळली. शिपायांच्या बोलीत या दुखण्याला 'डूलॅली टॅप' असे नाव पडले. आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला साधा 'ताप'!

हा किस्सा आम्ही आमच्या वर्गात पंचवीस वर्षे सांगत आलो, आणि मुलेही दर वर्षी नेमाने हसत आली. अलीकडे आम्ही तो सांगण्याचे सोडून दिले आहे. ते का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचे वास्तव्य बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस आहे. योगेश्वरीचे हे गाव मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु निजामी अमदानीत याचे नाव मोमिनाबाद होते, आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथे होती, हे फार थोड्यांना आठवते. ती छावणी कधीच उठली. आता या दुष्काळी मुलखातून दोन प्रकारची माणसे बाहेर पडतात. दसरा उलटला की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, आणि पहाटे डांबरी रस्त्यावर धावून धावून छाती रुंदावणारे, भरतीची वाट पाहणारे तरुण. पहिली पावसाळ्यापूर्वी परत येतात. दुसरे पंधरावीस वर्षांनी, वयाच्या अवघ्या अडतीस-चाळीसाव्या वर्षी परततात. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांपैकी बहुतेक तर चार वर्षांतच परतावयाचे आहेत. परतलेल्यांना येथे सर्रास 'मेजर' म्हणतात, मग हुद्दा शिपायाचा असो वा सुभेदाराचा. हा मान निर्व्याज आहे. परंतु मान देऊन झाला की आपले कर्तव्य संपले, अशी आमची सर्वांची समजूत आहे.

असाच एक मेजर, हुद्द्याने हवालदार, आमचा जुना विद्यार्थी. बारावीला आमच्यापुढे बसून त्याने इंग्रजीचा अभ्यास केला, आणि निकालाची वाटही न पाहता तो भरती झाला. काश्मिरात त्याची बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन तो बसू लागला. तीन वर्षांपूर्वी २६ जुलैला कारगिल विजय दिनाचा समारंभ झाला, तेव्हा आजूबाजूच्या माजी सैनिकांसमवेत तोही आला होता. प्रमुख वक्ते अर्थातच आम्ही! शौर्य, त्याग, रणदेवता वगैरे शब्दांची आम्ही मनसोक्त उधळण केली. टाळ्या पडल्या. इतक्यात बाहेर कोणा उत्साही मुलाने फटाक्यांची माळ लावली.

क्षणार्धात आमचा हवालदार खुर्चीवरून नाहीसा झाला. पाहतो तो, भिंतीशी अंग चोरून, डोके दोन्ही हातांत धरून तो जमिनीला चिकटला होता. मागच्या बाकांवर हशा पिकला. आमच्याही ओठांवर हसू येऊन गेले, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याच सायंकाळी तो आमच्या घरी आला. कार्यक्रमाचा विरस केल्याबद्दल क्षमा मागावयास तो आला आहे, असे आम्ही समजलो. आम्ही मोठ्या मनाने म्हणालो, "अरे, झाले गेले विसरून जावे!" त्याने आमच्याकडे नीट पाहिले. "विसरता आलं असतं सर, तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" एवढे बोलून, पुढे केलेला चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

त्यानंतर चार महिने त्याचे दर्शन नाही. मग एके दिवशी त्याची पत्नी आमच्या पत्नीकडे आली, आणि स्वयंपाकघरात बसून तिने हळूहळू सगळे सांगितले. तो रात्री झोपत नाही. डोळा लागलाच तर ओरडत उठतो. एकदा झोपेतच त्याने तिचा गळा धरला. आणि जागा झाल्यावर स्वतःचीच इतकी भीती घेतली की, तेव्हापासून शेतातील खोपटात एकटा निजतो. कँटीनची बाटली पूर्वी महिनाभर पुरे, आता आठवडाही पुरत नाही. भावकी म्हणते, भानामती झाली. सासरा म्हणतो, पेन्शन खाऊन ढोंग करतो. "काकू, ढोंग करणारा माणूस रडंल का वो?" तिच्या या प्रश्नास आमच्या घरात कोणापाशीच उत्तर नव्हते.

जिल्ह्यातील एका मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही त्यास घेऊन गेलो. घेऊन गेलो असे म्हणणे सोपे आहे. तो तयार व्हावयास तीन आठवडे लागले. 'वेड्यांच्या डॉक्टर'कडे जावयाचे म्हणजे पलटणीच्या नावाला काळिमा, ही त्याची समजूत. डॉक्टरांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "गोळी लागली असती तर दवाखान्यात गेला असतास ना?" आम्हांस त्यांनी सांगितले ते असे : संकटात जागे राहण्याची सवय शरीराने वर्षानुवर्षे जोपासली, आणि संकट टळल्याची वर्दी मात्र त्यास अद्याप पोहोचलेली नाही. झोप यावी आणि मनाचा ताण उतरावा म्हणून औषधे. दारू अजिबात बंद, कारण तिच्याने येणारी झोप ही खरी विश्रांती नव्हे. आणि ज्या आठवणीपासून तो पळतो, ती विश्वासाच्या माणसासमोर, झेपेल तेवढीच, पुन्हापुन्हा सांगत जाणे. या सर्वांस महिने लागतात. त्यात घरच्यांनी काय करावे आणि काय करू नये, हेही त्याच्या पत्नीस निराळे बसवून शिकविले.

'सांगत जाणे' हे शब्द ऐकले आणि आम्ही मनातून वरमलो. कारण पहिल्या महायुद्धातील कवींवर व्याख्याने देण्यात आमचा जन्म गेला. त्या युद्धात शिपाई हातपाय कापत, वाचा बसलेले असे परत येऊ लागले. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात या विकाराचे वर्णन करताना 'शेल शॉक' हा शब्द छापला, तेव्हा तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूस इजा होते असा समज होता. परंतु गोळा जवळपासही न फुटलेल्या माणसांत तीच लक्षणे दिसू लागली. त्या सैन्यात पळपुटेपणा वगैरे आरोपांखाली जे गोळीस बळी पडले, त्यांत असे रोगी किती होते हे आता कोण सांगणार? अशा ३०६ जणांस ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ साली, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी! एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. यांनीच पूर्वी निलगिरीतील तोडा लोकांत राहून त्यांच्यावर १९०६ साली ग्रंथ लिहिला होता. कवी सिगफ्रिड ससून १९१७ मध्ये त्यांच्याच उपचाराखाली होता. 'विसरून जा' हा उपदेशच या रोग्यांस घातक ठरतो, असे रिव्हर्स यांनी त्याच वर्षी निबंध वाचून प्रतिपादिले. ससूनच्या चरित्रातील तळटीप म्हणून हे आम्हांस तोंडपाठ होते. आणि आमच्या ओसरीवर प्रत्यक्ष रोगी आला, तेव्हा आमच्या मुखातून बाहेर पडले ते 'विसरून जा' हेच शब्द! विद्या आणि शहाणपण यांत अंतर असते, असे म्हणतात. ते आमच्या पुस्तकांच्या कपाटापासून ओसरीपर्यंतचे आहे, असे त्या दिवशी कळले.

या विकारास वैद्यकशास्त्राने आजचे रूढ नाव दिले ते १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धानंतर. परंतु व्याधी नवी नाही. आपल्या महाभारतात एकाच युद्धाचे दोन रोगी शेजारी शेजारी उभे आहेत. पहिला युधिष्ठिर. जय मिळाला, राज्य मिळाले, तरी त्यास अन्न गोड लागेना; सर्व टाकून वनात जावे, हाच त्याचा ध्यास. पण त्याच्याभोवती माणसे होती. भाऊ भांडले, द्रौपदी रागावली, व्यास आणि कृष्ण यांनी समजाविले, आणि शेवटी भीष्मांच्या शरशय्येशी बसून तो प्रश्न विचारीत राहिला. शांतिपर्व हे महाभारतातील सर्वांत मोठे पर्व आहे, युद्धाच्या कोणत्याही पर्वाहून मोठे, ही गोष्ट आम्ही आता निराळ्या दृष्टीने पाहतो.

दुसरा अश्वत्थामा. त्याचे पाप घोर होते, यात संशय नाही. निजलेल्यांचे त्याने गळे कापले. पण त्यास मिळालेला शाप पाहा. तीन हजार वर्षे निर्जन प्रदेशात भटकावे, सोबती नसावा, आणि कोणाशीही संभाषण घडू नये. आपल्या लोककथेतील अश्वत्थामा दारोदार जखमेसाठी तेल मागत हिंडतो. सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास त्याच्या नावाने यात्रा भरते. आमचा हवालदार निष्पाप, तरी शाप मात्र त्यास तोच भोवत होता. देवळालीच्या त्या गोऱ्या शिपायांसही तोच. फरक एवढाच की, त्यांना निदान जहाजाची आशा होती.

युद्धात मोडलेल्या माणसास पुन्हा उभे करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अपंग शिपायांस हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था १९१७ साली मुंबईत निघाली आणि १९२२ मध्ये खडकीस आली. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालापासून आहे, आणि मणक्यास इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांस १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. पण या सर्वांच्या जखमा दिसत होत्या. न दिसणाऱ्या जखमेकडे आपले लक्ष उशिरा गेले. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात निघाली. १४४११६ असा लांबलचक नव्हे, तर १४४१६ एवढाच तिचा क्रमांक, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. दारू सोडविण्याच्या कामी पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून झटत आहे. पण खोपटात एकट्या निजणाऱ्या माणसाने हा क्रमांक फिरवावा, यासाठी आधी कोणीतरी खोपटापर्यंत गेले पाहिजे.

डॉक्टरांच्याच सूचनेवरून दर गुरुवारी सायंकाळी आमच्या ओसरीवर पाचसहा माजी सैनिक जमू लागले. पुढारीपण आमच्याकडे नाही. आम्ही सतरंजी घालतो, पत्नी चहा करते, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर स्वतः येतात. पहिले दोन गुरुवार म्हशींचे भाव आणि उसाचे वजन यांतच गेले. तिसऱ्या गुरुवारी एक वयस्क सुभेदार, कोणी विचारले नसता, आपल्या शेजारी पडलेल्या एका पोराविषयी बोलू लागले. सर्वांच्या माना खाली. ते थांबले तेव्हा आमचा हवालदार एवढेच म्हणाला, "साहेब, मला वाटायचं मी एकटाच हाय." व्याख्यान देण्याची आमची जन्माची खोड, पण त्या रात्री आम्ही एक शब्दही बोललो नाही, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे.

तो बरा झाला, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु ते खरे होणार नाही. मध्ये दोनदा बाटली घरात आली. एकदा औषधे आपल्याच मनाने बंद झाली, आणि आठ दिवस पुन्हा खोपट. मात्र आता तो घरात निजतो, आणि बँकेच्या दारात बसण्याऐवजी पहाटे भरतीच्या मुलांना धावण्याचे धडे देतो. त्यांच्यापैकी कोणी परत आल्यावर त्याच्या ओसरीवर येऊन बसेल, असे तो म्हणतो.

गेल्या दिवाळीत आम्ही त्याच्या गावी गेलो होतो. अंगणात बसलो असता एक सातआठ वर्षांचा पोरगा धावत आला, आणि कुंपणापाशी थांबून ओरडला, "मेजर, माळ लावतोय बरं का!" हवालदाराने हातातील कप खाली ठेवला, दोन्ही पावले जमिनीवर घट्ट टेकली, आणि म्हणाला, "लाव." माळ वाजली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. पण तो खुर्चीवरून उठला नाही. ही रीत कोणी शिकविली, असे आम्ही त्याच्या पत्नीस विचारले. ती म्हणाली, "म्याच समद्या पोरांना सांगितलं, सांगून लावा म्हणून. सांगितलं की त्यांना सोसतंय."

सांगून लावावे, एवढेच! त्या गावाला एका वाक्याचे तेल सापडले होते. सभागृहातील आमच्या त्या हसण्याची आठवण मात्र अजून जात नाही. आणि ती विसरून जा, असे आम्हांस कोणी सांगू नये.