उष्णतेला गिऱ्हाईक आहे काय?

साखर कारखान्यांमुळे ‘सहवीजनिर्मिती’ हा शब्द मराठी वाचकास परिचित आहे : उसाची चिपाडे जाळून वाफ, वाफेपासून वीज, आणि उरलेल्या वाफेवर रस आटवणे. शहरातील इमारतीत हे काम गॅस इंजिन करते. पण तेथे रस आटवायचा नसतो, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

असा प्रस्ताव आला, की मी विजेचे बिल शेवटी पाहतो. आधी विचारतो, गरम पाणी किती लागते आणि केव्हा? 100 एकक इंधनातून साधारण 38 एकक वीज आणि 40 एकक वापरण्याजोगी उष्णता मिळते. रुग्णालयातील धुलाई, स्वयंपाकघर व न्हाणीघरे ही उष्णता रोज घेतात. बॉयलरचे सुमारे 47 एकक इंधन वाचते. कार्यालयाला मात्र हवा असतो गारवा. उष्णतेवर चालणारे शीतकयंत्र त्या 40 एककांतून 28 एकक गारवा देते. विजेवरचे चांगले यंत्र तेवढाच गारवा सहा एकक विजेत देते! विक्रेत्यांच्या तक्त्यात ही ओळ सहसा नसते.

शिवाय वर्षाचे तास 8760, कार्यालय चालते जेमतेम 2500. भांडवलावरील व्याज रविवारची सुट्टी घेत नाही. म्हणून यंत्राचा आकार विजेच्या कमाल मागणीवरून नव्हे, तर उष्णतेच्या किमान मागणीवरून ठरवावा. वीज कंपनीचा स्थिर आकार बहुधा सुटत नाहीच. इंजिन बंद पडले की वीज तिच्याकडूनच घ्यावी लागते.