गतिरोधकाविरुद्ध अर्ज

मोटार चालविणाऱ्या मनुष्यास आपण वेगानें जात आहों असें सहसा वाटत नाहीं. वेगानें जातात ते दुसरे. आपण केवळ वेळेवर पोंचण्याचा यत्न करीत असतों. याच समजुतींत आम्ही वीस वर्षें कासारवाडीहून कॉलेजांत जात-येत आलों, आणि याच समजुतींत गेल्या दिवाळीच्या सुमारास एक अर्ज लिहिला. अर्ज आमच्या सोसायटीच्या वतीनें होता, व सर्व्हिस रोडवरील गतिरोधक काढून टाकावा अशी त्यांत मागणी होती. चार ओळी नीट लिहिणारा मनुष्य म्हणून मसुद्याचें काम आमच्याकडे आलें, आणि तें आम्हीं थोड्या अभिमानानेंच केलें.

ज्यांनीं कासारवाडी पाहिली नसेल त्यांस या रस्त्याची थोडी कल्पना दिली पाहिजे. जुना मुंबई-पुणें रस्ता येथून जातो, आणि नाशिकचा रस्ता जवळच, नाशिक फाट्यावर, त्यास मिळतो. एका अंगाला लोहमार्ग. डोक्यावरून 2022 च्या मार्चपासून मेट्रो. दापोडीपासून निगडीपर्यंत हा रस्ता 61 मीटर रुंद केलेला आहे. मधल्या मार्गिकांतून दूरच्या गाड्या चौकांत न अडखळतां निघून जाव्या, बसला तिची वेगळी वाट असावी, आणि राहिलेलें सगळें, म्हणजे रिक्षा, टेंपो, हातगाड्या, सायकली आणि माणसें, कडेच्या सर्व्हिस रोडनें जावें, अशी योजना. योजना वाईट नाहीं. परंतु मधल्या मार्गिकेवरचा चालक सर्व्हिस रोडवर उतरतो तेव्हां त्याचा वेगहि त्याच्याबरोबर उतरतो. कासारांची वाडी या नांवांत जें लहानसें गांव आहे, त्याचीं मुलें याच रस्त्याच्या कडेला खेळतात. पुष्कळांस दुसरें अंगण नाहीं.

आमच्या अर्जांत एकहि विधान खोटें नव्हतें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमांप्रमाणें गतिरोधक 3.7 मीटर रुंद व मध्यभागीं 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे चांगला पसरट असावा. ताशी 25 किलोमीटरनें जाणाऱ्यास त्यानें त्रास देऊं नये, त्याहून वेगानें जाणाऱ्यास द्यावा, असा हेतु. आमच्या येथील गतिरोधक म्हणजे डांबराचा एक अरुंद बांध. त्यावर पांढरे पट्टे नाहींत कीं अलीकडे फलक नाहीं. वृद्धांच्या पाठी, गरोदर स्त्रिया, रुग्णवाहिका, सर्वांचा उल्लेख आम्हीं केला. स्वतःच्या घाईचा मात्र केला नाहीं, हें आतां लक्षांत येतें.

मार्गशीर्षांतली एक संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. त्याच बांधावरून रोजच्याप्रमाणें मनांतल्या मनांत शिव्या देत आम्हीं गाडी उतरविली, आणि पुढें उभ्या असलेल्या टेंपोच्या आडून प्रथम चेंडू आला. चेंडूमागें मूल येणार हें जगांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणें आणि पाय ब्रेकवर पडणें यांत केवढें अंतर असतें तें त्या दिवशीं कळलें. गाडी थांबली. सहा-सात वर्षांचा एक मुलगा गाडीपासून दोन-तीन हातांवर उभा होता, व त्याचें लक्ष अजूनहि चेंडूकडेच होतें.

आम्हीं काय केलें? गाडींतून उतरून त्या मुलासच रागें भरलों. डोळे कोठें आहेत, शाळेंत कांहीं शिकवितात कीं नाहीं, इत्यादि. वर्गांत वर्षानुवर्षें कमावलेला आवाज होता तेवढा खर्च केला. गल्लीच्या तोंडाशीं बसलेली त्याची आजी उठून आली, तिनें पोराला पदराआड घेतलें आणि ती म्हणाली, "साहेब, त्याला कळत न्हाई म्हून तर ते पोर हाय. तुमास्नी तर कळतंय न्हवं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती जागा आम्हीं पावलांनीं मोजली. जेथें चेंडू दिसला तेथून मुलापर्यंत सोळा पावलें, म्हणजे अदमासें बारा मीटर. पुढचा हिशेब पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका स्नेह्यानें करून दिला. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसाचाहि एक सेकंद जातो. ताशी 25 किलोमीटरनें जाणारी गाडी त्या सेकंदांत 7 मीटर जाते, व रस्ता कोरडा असल्यास आणखी साडेतीन मीटरांत थांबते, एकूण साडेदहा. ताशी 45 नें जाणारी गाडी त्या एका सेकंदांतच साडेबारा मीटर जाते. म्हणजे बारा मीटरांवरच्या मुलापर्यंत ती ब्रेक लागण्यापूर्वींच, पुऱ्या वेगानें, पोंचलेली असते. त्या रस्त्यावर आमचा नेहमींचा वेग 45 आहे. त्या संध्याकाळीं तो 25 होता याचें कारण आमची सावधगिरी नव्हे; तो बांध होता.

आजीबाईंचें म्हणणें शास्त्रासहि मान्य आहे. स्टिना सांडेल्स या स्वीडिश विदुषींनीं 1968 सालींच रहदारींतील मुलांवरील आपल्या ग्रंथांत असा निष्कर्ष काढला कीं लहान मुलांस शिकवून रहदारीजोगें करतां येत नाहीं, रहदारीच मुलांजोगी केली पाहिजे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजांतील जॉन वॅन व त्यांचे सहकारी यांनीं 2010 च्या सुमारास मुलांच्या दृष्टीचीच परीक्षा घेतली. गाडी जवळ येत आहे हें तिची आकृति डोळ्यांत मोठी होत जाते त्यावरून कळतें. पण वेगवान गाडी तितक्याच सेकंदांवर असूनहि अधिक लांब असते, म्हणून तिची आकृति सावकाश वाढते. आणि ती वाढ ताडण्याची शक्ति प्राथमिक शाळेच्या वयांत पुरती आलेली नसते. ताशी 20 मैलांच्या, म्हणजे सुमारें 32 किलोमीटरांच्या, वर वेग गेला कीं गाडी येत आहे हें मुलास खात्रीनें ओळखतां येत नाहीं. दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांड, असें आपण सांगतों. मूल दोन्हीकडे पाहतेंहि. त्याला दिसत नाहीं.

कायद्याला हें अगदींच ठाऊक नाहीं असें नाहीं. 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नियमानें, चार वर्षांपर्यंतचें मूल दुचाकीवर मागें बसविलें असेल तर तिचा वेग ताशी 40 च्या वर नसावा असें ठरविलें. नियम चांगला. परंतु आपलें मूल गाडीवर असतां 40, आणि दुसऱ्याचें मूल गाडीपुढें असतां? 2018 च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें शहरांच्या हद्दींतील रस्त्यांवर मोटारींसाठीं ठरविलेली कमाल मर्यादा ताशी 70 होती.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें आम्ही जाणतों, कारण कालपर्यंत तें आमचेंच होतें. वेल्समध्यें 2023 च्या सप्टेंबरांत वस्तींतल्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा सर्वसाधारण केली, तेव्हां तिच्याविरुद्धच्या विनंतिपत्रावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. आणि त्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. हे सारे लोक दुष्ट होते असें मानण्याचें कारण नाहीं. रोजचीं चार मिनिटें गमावणें खरोखरच जाचतें. आमच्या घरीं चिरंजीवांनीं हाच मुद्दा मांडला. सर्व्हिस रोडचा आपला भाग किती लांब, असें आम्हीं त्यांस विचारलें. एक किलोमीटर. 45 नें ऐंशी सेकंद, 30 नें दोन मिनिटें. फरक चाळीस सेकंदांचा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा हिशेब अर्ज लिहितांना कां नाहीं केलात?"

लिहिणें हा आमचा धंदा, आणि लिहिण्यानें रस्त्यावर कांहीं घडतें काय, याची शंका आम्हांस अलीकडे फार येते. 2024 च्या 19 मेच्या रात्रीं पुण्यांत, कल्याणीनगरांत, एका भरधांव मोटारीनें दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. बाल न्याय मंडळानें त्याच दिवशीं जामीन देतांना ज्या अटी घातल्या त्यांत एक, अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. देशभर संताप उसळला व तीन दिवसांत हुकूम बदलला. जन्मभर मुलांकडून निबंध लिहवून घेणाऱ्या आमच्यासारख्यांस तेव्हां चारचौघांत मान वर करवेना. तथापि हॉलंडांतील पत्रकार विक लांगेनहोफ यांनीं 1972 सालीं लिहिला तोहि एक निबंधच. त्यांची सहा वर्षांची मुलगी आदल्या वर्षीं मोटारीखालीं गेली होती; 1971 या एका सालीं त्या लहान देशाच्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें. 'मुलांची हत्या थांबवा' हें त्या लेखाचें नांव पुढें एका चळवळीचें नांव झालें. आईबाप व मुलें रस्ते अडवून बसलीं, आणि 1976 सालीं डच कायद्यानें अशा गल्ल्यांस मान्यता दिली कीं जेथें मोटारीनें माणसाच्या चालीनें जावें. तो निबंध कोणीं शिक्षा म्हणून सांगितलेला नव्हता.

गतिरोधक काढावा असें आम्हांस आतां वाटत नाहीं. तो रुंद, पसरट व रंगविलेला असावा असें वाटतें, आणि तसा नवा मसुदा करावयास आम्ही बसलों आहों. सेक्रेटरी जुना अर्ज घेऊन तीनदां येऊन गेले. "सर, आपल्या सहीनें वजन येतें," ते म्हणाले. सत्तावीस सह्या झाल्या आहेत, पहिली जागा आमच्यासाठीं मोकळी ठेविली आहे. तूर्त त्या रस्त्यानें आम्ही 30 नें जातों व मागचे लोक हॉर्न वाजवितात. तो मुलगा कधीं कधीं दिसतो. परवां त्यानें आमची गाडी ओळखली आणि चेंडू पाठीमागें लपविला.