बास वाजविणाऱ्यांचे मुद्रादोष

गवयांचे मुद्रादोष आमच्या परिचयाचे आहेत. पण पाश्चात्य वाद्यवृंदांतील डबल बास वाजविणाऱ्याचें तोंड आम्ही अधिक कौतुकानें पाहतों. वाद्य पुरुषभर उंच, तारा जाड, आणि सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा. तो कानापेक्षां अंगालाच अधिक जाणवतो. म्हणून वादक वाद्यास बिलगतो, मान कलती करितो, ओठ चावतो, आणि हें त्याच्या गांवींही नसतें! अमेरिकन वादक स्लॅम स्ट्यूअर्ट (१९१४-१९८७) गजानें वाजवितांना तेच स्वर एक सप्तक वरून गुणगुणत असे. पण ती बुद्ध्याच साधलेली कला, तिला दोष कोण म्हणेल?

तेराव्या शतकांत देवगिरीच्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त गायकांचे २५ दोष सांगितले. त्यांत मान वांकडी करणारा वक्री आहे, तसाच डोळे मिटणारा निमीलकही. निमीलकापुरता आमचा शार्ङ्गदेवाशीं मतभेद आहे. मूल रियाजास बसलें कीं घरांतील वडीलधारीं माणसें पुढें आरसा ठेवितात. दांत आवळले, श्वास कोंडला, खांदा चढला, तर अवश्य टोकावें. त्यानें हात लवकर थकतो. मिटल्या डोळ्यांना मात्र कोणीं टोकूं नये. आमच्या एका भाच्याचा उत्तम ठेका या आरशापायीं आठ दिवसांत बिघडलेला आम्हीं पाहिला आहे.