चिचोलीचा ठेवा आणि आपल्या घरची पेटी

दरवर्षी अशोक विजयादशमीला आपण वर्ध्याहून रेल्वेने, बसने, जमेल तसे दीक्षाभूमीवर जातो. पण नागपूरजवळच्या चिचोली गावातील शांतिवनात आपल्यापैकी किती कुटुंबे गेली आहेत? यंदा आमच्या वस्तीतील महिला मंडळाने बस ठरविली आणि आम्ही लेकराबाळांसह तिथले संग्रहालय पाहून आलो.

परमपूज्य बाबासाहेबांचा कोट, टाय, हॅट, टाइपरायटर. चौकातल्या पुतळ्यात दिसणारे बाबासाहेब इथे कपडे घालणारे, लिहिणारे, थकणारे माणूस म्हणून भेटतात. सोबतच्या एक वृद्ध मावशी कोटासमोर हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या. एका मुलाने विचारले, "हे सगळं इथं कसं आलं?"

प्रश्न मोलाचा होता. या वस्तू जपल्या नानकचंद रत्तू यांनी. ते दिल्लीत दिवसा सरकारी नोकरी करीत आणि संध्याकाळी बाबासाहेबांकडे टायपिंगला जात. मीही कारकून आहे. दिवसभराच्या कामानंतर पुन्हा कामाला बसणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. रत्तूंनी हा ठेवा वामनराव गोडबोले यांच्या हवाली केला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभासाठी झटलेले ते हेच वामनराव. एका टायपिस्टाने आणि एका कार्यकर्त्याने इतिहास वाचविला.

आमच्या घरी तसे झाले नाही. आजीने दीक्षेला नेसलेले पांढरे लुगडे पुढे गोधडीत गेले आणि गोधडीही विरली. गरिबाच्या घरी कापड वाया जात नाही. हे जपायचे असते, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

जगात आपल्यासारखेच कष्टकरी हे काम करीत आहेत. मेक्सिको देशात सांता आना देल वाये नावाचे विणकरांचे गाव आहे. तिथे चौक खणताना पूर्वजांच्या वस्तू निघाल्या. त्या गावातच राहाव्यात, असा गावकऱ्यांनी आग्रह धरला आणि १९८६ साली स्वतःचे संग्रहालय उघडले.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी जपलेली आपण पाहतो. मग आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी कोण जपणार? त्या आपणच जपल्या पाहिजेत.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. विहारात एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही पुरे. वस्तू कोणाची, कोणत्या सालची, कोणी दिली, एवढे लिहावे. जुन्या फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहावीत. जुन्या पत्रांना लॅमिनेशन करू नये. ती कोरड्या जागी ठेवावीत.

माता-भगिनींनो, घरची पेटी तुमच्याच हाती असते. दीक्षा पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. येत्या रविवारी मुलांना घेऊन त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या.

जयभीम!