वर्तुळात धावणारी गाडी

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, तर कुणी कबुतरे पाळतो. परंतु नातवंडे अंगाखांद्यावर खेळवणारा एखादा गृहस्थ संध्याकाळी दार लोटून घेतो आणि वीतभर लांबीचे इंजीन टेबलावरच्या रुळांवरून फिरवतो, असे ऐकले की ऐकणाऱ्याच्या हसण्यात थोडी कीव मिसळते. 'म्हातारपणी पोरखेळ!' असा शेरा मारून लोक मोकळे होतात. आयर्लंडमध्ये हा पोरखेळ फार आस्थेने खेळला जातो. त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांला वाटते. कारण त्या चिमुकल्या रुळांवर आगगाडीपेक्षा मोठे काहीतरी वाहून नेले जाते.

आयर्लंडची पहिली आगगाडी १७ डिसेंबर १८३४ रोजी डब्लिनहून किंग्जटाउनला, म्हणजे आजच्या डन लीरीला, गेली. अंतर जेमतेम सहा मैल. आपली मुंबई-ठाणे गाडी त्यानंतर अठराएक वर्षांनी, १८५३ साली सुटली. डब्लिनची ती समुद्रकाठची वाट आजही जिवंत असून तिच्यावरून विजेच्या लोकलगाड्या धावतात. पुढे त्या देशात एकामागून एक कंपन्या निघाल्या आणि प्रत्येकीने दोन रुळांमधले अंतर आपल्या मनाप्रमाणे ठरवले. डब्लिन-किंग्जटाउन मार्गाचे माप चार फूट साडेआठ इंच, उत्तरेच्या अल्स्टर रेल्वेचे सहा फूट दोन इंच, तर डब्लिन-ड्रॉहेडा मार्गाचे पाच फूट दोन इंच. तिघांचे रूळ एकमेकांना जुळणार कसे? सरकारने मेजर-जनरल पेस्ली यांना निवाडा करायला सांगितले. त्यांनी जाणकारांची मते घेऊन मधले माप काढले, पाच फूट तीन इंच. १८४६ च्या कायद्याने तेच आयर्लंडचे माप ठरले. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ते तीन इंचांनी कमी आहे. आयर्लंडबाहेर हे माप ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत आणि ब्राझीलमध्येच प्रामुख्याने आढळते.

या तीन-चार इंचांच्या हिशेबातच आयरिश हौशी माणसाची खरी कसोटी आहे. घरगुती रेल्वेसाठी त्या बाजूला रूढ असलेले प्रमाण म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर. या हिशेबाने आयरिश रुळांमधले अंतर बरोबर एकवीस मिलिमीटर भरते. परंतु बाजारात सर्वत्र मिळणारे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. इंग्लंडच्या गाड्यांनाही ते माप काटेकोरपणे लागू पडत नाही. आयरिश गाड्यांना तर ते साडेचार मिलिमीटरने तोकडे पडते. बहुतेक मंडळी या बाबतीत तडजोड करतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण काही जण करीत नाहीत. ते एकवीस मिलिमीटरचा मार्ग स्वतःच्या हाताने अंथरतात, सांधे स्वतः घडवतात आणि चाकांचे आस नव्याने बसवतात. साडेचार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढेसुद्धा नाही. पाहणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या ते ध्यानातही येणार नाही. तरीही त्या अंतरासाठी माणसे महिनोन्महिने खपतात.

एवढा अट्टहास कशासाठी? आयर्लंडचा नकाशा समोर ठेवला की याचे उत्तर मिळू लागते. १९२० च्या सुमारास त्या लहानशा बेटावर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर लोहमार्ग होता. आज त्यातला निम्माही उरलेला नाही. मोटारी आल्या, देशाची फाळणी झाल्याने काही मार्ग सीमेने तोडले गेले, खेड्यापाड्यांतली वस्ती घटली आणि तोट्यातले मार्ग एकेक करून बंद झाले. डोनेगल जिल्ह्यातली नॅरोगेज रेल्वे १९५९ च्या अखेरच्या दिवशी थांबली. क्लेअर जिल्ह्याच्या पश्चिमेकडची गाडी १९६१ च्या जानेवारीअखेर. ही दुसरी गाडी म्हणजे एक वल्लीच होती. १८९६ साली पर्सी फ्रेंच नावाच्या गायक-कवीला तिने कार्यक्रमाच्या ठिकाणी वेळेवर पोचवले नाही. त्याने कोर्टात दावा लावून दहा पौंड भरपाई मिळवली आणि पुढे तिच्यावर एक विनोदी गाणे रचले. गाडी गेली, कंपनी गेली. गाणे मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे.

त्याहून नवलाची गाडी केरी जिल्ह्यातली. लिस्टोवेलहून बॅलीबनियनला जाणाऱ्या या गाडीला रूळ एकच! कमरेएवढ्या उंचीच्या तिकाट्यांवर तो बसवलेला आणि इंजीन व डबे त्याच्या दोन्ही बाजूंना कावडीसारखे लोंबणारे. कावड म्हटली की दोन्ही पारडी सारखी हवीत. एका बाजूला गाय चढवली तर तिच्या तोलासाठी दुसऱ्या बाजूला दोन वासरे चढवावी लागत, आणि परतीच्या वाटेवर ती वासरे दोन बाजूंना एकेक अशी बसून येत, असे तिथले लोक हसत हसत सांगतात. १८८८ ते १९२४ अशी छत्तीस वर्षे ही कावड चालली. आता लिस्टोवेलला तिचा एक लहानसा तुकडा पुन्हा उभारण्यात आला आहे.

ज्या वस्तू वितळवून भंगारात गेल्या, त्यांना पुन्हा आकार द्यावा, हा ध्यास घेतलेल्यांमध्ये सिरिल फ्राय यांचे नाव आदराने घेतले जाते. डब्लिनच्या इंचिकोर येथील रेल्वे-कारखान्यात ते आराखडे काढण्याचे काम करीत. दिवसा खऱ्या इंजिनांची रेखाटने आणि रात्री घरी त्याच इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. १९७२ साली त्यांचे निधन झाले. १९८८ पासून दोनएक दशके हा संग्रह मालाहाइड येथील किल्ल्याच्या आवारात लोकांना पाहायला मिळत असे. मग काही वर्षे तो बंदिस्त राहिला. अखेर २०२० साली त्याच गावात, स्टेशनपासून जवळच, गवताने शाकारलेल्या एका जुन्या देखण्या घरात त्याला कायमचा निवारा लाभला. एका रहिवाशाने मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीचा त्याला मोठा आधार झाला.

आयर्लंडमध्ये काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा एका दुपारी आम्ही मालाहाइडला गेलो. काचेच्या कपाटांतली ती इंजिने पाहताना आमच्या मनात सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा तास जागा झाला. प्लेटो अनुकृतीला फार खालची पायरी देतो. पलंगाची मूळ कल्पना एक, सुताराने केलेला पलंग दुसरा, आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग सत्यापासून तिसऱ्या पायरीवरचा. कारण पलंग कसा करतात हे चित्रकाराला ठाऊक नसले तरी चालते. फ्राय यांच्या इंजिनापुढे उभे असताना आम्हांला वाटले, हा माणूस प्लेटोच्या हिशेबात बसत नाही. बाष्प कोणत्या वाटेने येते, दांडा कोणत्या चाकाला ढकलतो, रिव्हेटांच्या ओळी कुठून कुठे जातात, हे जाणल्यावाचून त्याला तसूभरही पुढे सरकता आले नसते. ही नुसती नक्कल नव्हे. एका वस्तूपुढे वर्षानुवर्षे नम्रपणे बसून तिला समजून घेणे आहे.

तरीही एक प्रश्न आम्हांला सोडीना. अशा प्रतिकृतीत नेमके काय राहून जाते?

१२ जून १८८९ रोजी आर्मा येथून रविवारच्या धर्मशिक्षणाची मुले समुद्रकाठी सहलीला निघाली. गाडी फार जड झाली होती आणि चढणीवर इंजीन अडले. तेव्हा गाडी मध्येच तोडून पुढचा भाग आधी वर न्यायचे ठरले. मागच्या डब्यांचे ब्रेक अपुरे पडले; ते उतारावरून मागे धावत सुटले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी जीव गेले, त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी कायदा झाला आणि प्रत्येक प्रवासी गाडीला, डबे सुटले तरी आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. टेबलावरच्या रेल्वेत डबा घसरला तर दोन बोटांनी उचलून पुन्हा रुळावर ठेवता येतो. आर्माच्या उतारावर असे बोट कुणाला मिळाले नाही.

दुसरी हकिकत मेयो जिल्ह्यातल्या अकिल बेटाची. तिथले तरुण-तरुणी दर वर्षी बटाट्याच्या हंगामात मजुरीसाठी स्कॉटलंडला जात. १८९४ च्या जून महिन्यात, ग्लासगोच्या आगबोटीकडे त्यांना घेऊन निघालेले शिडाचे गलबत वेस्टपोर्टजवळ उलटले आणि बत्तीस जण बुडाले. अकिलचा लोहमार्ग तेव्हा रीतसर सुरूही झाला नव्हता. त्यावरून गेलेल्या पहिल्या गाडीने या मुलामुलींचे मृतदेह घरी आणले. पुढे १९३७ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागून अकिलचे दहा जण मरण पावले. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा होता. त्यांचे देहही याच मार्गाने आले, आणि त्याच वर्षी हा मार्ग कायमचा बंद पडला. लोहमार्गावरची पहिली आणि शेवटची गाडी मृतांना वाहील, असे भाकीत तिथे फार पूर्वी कुणी केले होते म्हणतात. भाकिताचे सोडून द्या. घडले ते मात्र घडले. आता त्या वाटेवर वेस्टपोर्टपासून बेचाळीस किलोमीटर सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा रस्ता आहे. सुट्टीत मुले तिथे खिदळत जातात.

मालाहाइडच्या त्या दालनात एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. पांढऱ्या गळपट्टीवरून ओळखून ते म्हणाले, "फादर, मी सतरा वर्षांचा असताना अशाच डब्यात बसून इंग्लंडला गेलो. आई फलाटावर उभी होती. मी परत आलो तेव्हा ती नव्हती आणि फलाटही नव्हता." मग रुळांवरून चाललेल्या एका छोट्या गाडीकडे बोट दाखवून ते हळूच हसले. "ही बरी आहे. दर दोन मिनिटांनी परत येते."

त्या गृहस्थांच्या बोलण्यात सारे आले, असे आम्हांला वाटते. आयर्लंडच्या आगगाडीने धान्य नेले, गुरे नेली, टपाल नेले. पण सर्वांत जास्त तिने आपलीच लेकरे बंदरावर नेऊन सोडली. ती गाडी एकाच दिशेने जाई. घरातल्या रेल्वेचा मार्ग मात्र वर्तुळाकार असतो. त्यावरची प्रत्येक गाडी सुटते आणि प्रत्येक गाडी परत येते. कोणाच्या निरोपाला तिथे जागा नसते. ही प्रतिकृतीची उणीव आहे, आणि कदाचित तिचे सांत्वनही हेच असेल.

म्हणून या हौसेची टवाळी करू नये आणि तिच्यावर सगळी भिस्तही ठेवू नये. ज्याने एकवीस मिलिमीटरचे अंतर चुकू दिले नाही, त्याने नाहीशा झालेल्या वस्तूशी इमान राखले. परंतु डब्यात कोण बसले होते, फलाटावर कोण उभे होते, हे कोणत्याही कपाटात ठेवता येत नाही. ते कुणीतरी सांगावे लागते आणि कुणीतरी बसून ऐकावे लागते. रूळ जपणारे हात आणि माणसे आठवणारी जीभ, अशी दोन्ही पारडी सारखी भरली, तरच लिस्टोवेलची ती कावड तोलात चालायची.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचे लेकरू आयर्लंडला नोकरीसाठी वा शिक्षणासाठी गेले असेल, तर त्याला एखाद्या सुट्टीत मालाहाइडला जायला अवश्य सांगा. डब्लिनहून लोकलगाडीने फार वेळ लागत नाही. तिथे एखादे वृद्ध माणूस शेजारी येऊन बोलू लागले, तर त्याने घाई न करता थांबावे, एवढेच आमचे सांगणे.